न्यू एकोटाचे मुद्रणालय : चेरोकी वारसास्थळांचे एक वाचन

जॉर्जिया राज्याने १९६२ साली न्यू एकोटा ही चेरोकी राष्ट्राची जुनी राजधानी वारसास्थळ म्हणून लोकांसाठी खुली केली आणि त्याच वर्षी चेरोकींविरुद्धचे १८३० चे कायदे रद्द ठरविले. ज्यांच्यासाठी ते कायदे होते त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले होते. आज पर्यटकाला येथे दिसणाऱ्या न्यायालय, परिषदगृह, मुद्रणालय या वास्तू पुनर्रचित आहेत. मिशनरी सॅम्युअल वुस्टर यांचे घर तेवढे मूळ जागी उभे आहे. १९५४ च्या उत्खननात मात्र छपाईचे शिशाचे खिळे सापडले. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने या स्थळाचे मोल वास्तूंपेक्षा या खिळ्यांत अधिक आहे.

त्यांवरील लिपी सेक्वोया याने १८२१ च्या सुमारास सिद्ध केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. ‘अक्षर’ ही कल्पना परिचित असल्याने मराठी वाचकाला या लिपीचे तत्त्व चटकन उमगते. फरक इतकाच, की बाराखडीत ‘क’ आणि ‘की’ यांचे नाते डोळ्यांना दिसते. येथे प्रत्येक अक्षराचे चिन्ह स्वतंत्र, आणि अशी चिन्हे ८५. बोस्टनमध्ये ओतलेल्या खिळ्यांनी २१ फेब्रुवारी १८२८ रोजी ‘चेरोकी फिनिक्स’ या द्वैभाषिक पत्राचा पहिला अंक निघाला. म्हणजे ‘दर्पण’च्या सुमारे चार वर्षे आधी. वुस्टर ज्या अमेरिकन बोर्डाचे, त्याच मंडळाचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत होते; हा दुवा तपासून पाहण्याजोगा आहे. मात्र लिपी मिशनने दिलेली नव्हती, हे विसरता कामा नये.

नॉर्थ कॅरोलिनातील चेरोकी गावी वारशाचे रूप वेगळे आहे. तेथे १९५० पासून खुल्या रंगमंचावर होणाऱ्या ‘अंटू दीज हिल्स’ या नाटकाच्या कर्मिट हंटरकृत मूळ संहितेत त्साली स्वेच्छेने प्राण देतो आणि त्यामुळे त्याचे लोक डोंगरात राहू शकतात. इतिहासात त्साली स्वतःहून शरण आला नाही, त्याला पकडण्यात आले. आणि ओकोनालुफ्टीकाठच्या चेरोकींचा वास्तव्याचा दावा १८१९ च्या करारावर आधारलेला होता. हंटर चेरोकी नव्हते. २००६ मध्ये कायोवा नाटककार हॅने गीओगामा यांनी ही संहिता नव्याने लिहिली.

न्यू एकोटाला असा नायक लाभत नाही. ‘फिनिक्स’चा संपादक एलियास बूडिनॉट याचे मत हळूहळू स्थलांतर अटळ आहे असे झाले. ती चर्चा पत्रात येऊ देण्यास प्रमुख जॉन रॉस यांनी नकार दिला, तेव्हा १८३२ मध्ये त्याने राजीनामा दिला. १८३४ मध्ये पत्र बंद पडले. डिसेंबर १८३५ मध्ये, राष्ट्राच्या सरकारची संमती नसताना, याच गावात झालेल्या भूमित्यागाच्या करारावर सही करणाऱ्यांत बूडिनॉट होता. पुढे सुमारे १६,००० लोकांना देशोधडीला लावले गेले. मृतांचा प्रचलित अंदाज ४,००० चा आहे. २२ जून १८३९ रोजी करारविरोधी चेरोकींनी बूडिनॉटचा वध केला. राजीनामा आणि सही यांची संगती लावताना त्याला केवळ फितूर म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. रॉस यांचा नकारही संकटकाळातील एकजुटीच्या भूमिकेतूनच आला होता.

‘चेरोकी फिनिक्स’ आज ओक्लाहोमातील टालेक्वा येथून निघते. २००० साली चेरोकी राष्ट्राच्या परिषदेने त्याच्या संपादकीय स्वातंत्र्याचा कायदा संमत केला.