साध्या गाडीची असाधारण ओझी

'कधी नावेवर गाडा, तर कधी गाड्यावर नाव' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दैवाचे चक्र फिरते. आज जो दुसऱ्यास वाहून नेतो, त्यास उद्या दुसऱ्याच्या आधाराने जावे लागते, असा तिचा बोध. परंतु क्षणभर हा बोध बाजूस ठेवून केवळ शब्दार्थ पाहिला, तर आपल्या पूर्वजांच्या व्यवहारातील एक चित्र तीत दिसते. नदी भरली म्हणजे गाडी नावेत घालून पैलतीरी न्यावी लागे, आणि नाव दुरुस्तीस काढावयाची झाली म्हणजे तीच गाडीवर चढे. ज्या वाहनाची घडण जोंधळ्याची पोती वाहण्यासाठी झाली, त्याने व त्याच्या बैलांनी पुढे तोफ ओढली, आगगाडी ओढली, आणि अखेरीस आकाशात जाणारा उपग्रहही वाहिला. त्या साध्या गाडीची ही कथा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा स्थापन होण्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. गावाच्या नावातच बाजार आहे, आणि बाजार म्हटला की गाड्या आल्याच. कापूस, जोंधळा, हळद, भुसार माल हे या काळ्या मातीचे धन. ते शेतातून पेठेत आणणारी गाडी ही त्या धनाची पहिली वाहक. परंतु तिचे खरे सामर्थ्य पाहावयाचे तर ते सुगीनंतर, कडब्याच्या दिवसांत. साटीवर आडवी लाकडे बांधून रुंदी वाढवावयाची, पेंढ्या थरावर थर रचावयाच्या, वरून दोर टाकून दोघांनी दोन बाजूंनी तो आवळावयाचा. मग वाटेने जो जाई तो जणू चालता डोंगरच. गाडी दिसत नसे, गाडीवान दिसत नसे. डोंगराखालून बैलांची दोन तोंडे तेवढी डोकावत. झाडाच्या फांद्या त्या ओझ्याचा कर म्हणून दोनचार काड्या ओढून घेत आणि वेस आली की सर्वांचा श्वास रोखला जाई. गुऱ्हाळाची काहील हलवावयाची झाली की तीही गाडीवरच चढे. लांबून पाहणाऱ्यास एखादे अजस्र कासवच रस्त्याने चालले आहे असा भास होई.

असे अवजड ओझे दोन बैल कसे ओढतात? याचे उत्तर बळात जितके आहे तितकेच तोलात आहे. दोन चाकांच्या गाडीत सर्व भार आसावर यावयास हवा. ओझे मागे सरकले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलाच्या गळ्यास आवळते. ओझे पुढे आले तर तेच जू मानेवर दाबते व मानेस घट्टे पडतात. म्हणून जाणता गाडीवान माल भरताना पुनःपुन्हा जू हाताने उचलून पाही. ते किंचित जड लागले म्हणजे गाडी तोलात आहे असे समजे. चाक मोठे, कारण लहान चाक खड्ड्यात बसते व मोठे चाक खड्डा ओलांडते. चाक घडविणारा सुतार तुंब्यात आरे बसवी. नंतर लोखंडाची धाव चाकाहून किंचित लहान घडवून ती लालबुंद तापवीत, फुगलेली धाव चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होताना लोखंड आकसे आणि सारे लाकडी सांधे एकमेकांत असे आवळले जात की खिळ्याची गरजच उरत नसे. गाडीस टांगलेल्या वंगणाच्या नळ्यावरून 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी थट्टेची म्हण पडली आहे. पण त्या नळ्यातील ओंगण आसाला लागले नाही, तर यात्रा गाड्यासही घडत नाही, हे गाडीवान जाणून असे.

या विद्येचा उपयोग फार मोठ्या प्रमाणावर होत होता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने धान्य व मीठ वाहणाऱ्या दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. हे तांडे लमाणांचे. त्यांत ओझे बैलाच्या पाठीवर असे. मालवाहू गाड्यांचे काफिलेही त्याने पाहिले. एकेका गाडीस दहाबारा बैल जुंपलेले आणि एका काफिल्यात शंभर-दोनशे गाड्या. अशी दोन वाहतूकदार मंडळी अरुंद वाटेवर समोरासमोर आली, तर एकास वाट देण्यासाठी दुसऱ्यास दोनदोन तीनतीन दिवस थांबावे लागे, असेही तो सांगतो.

आता याच शतकातील एका असाधारण ओझ्याकडे वळू. १५४९ साली अहमदनगर येथे निजामशाहीत मुहम्मद नावाच्या रूमी, म्हणजे तुर्की, कारागिराने एक प्रचंड तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा स्वामी. लांबी १४ फुटांहून थोडी अधिक, आणि वजन सुमारे ५५ टन धरले जाते. ही तोफ प्रथम परांड्याच्या किल्ल्यात होती. आदिलशाहीतील मुत्सद्दी मुरार जगदेव, ज्यास मुरारपंत असेही म्हणतात, याने १६३२ साली ती विजापुरास नेली. परांड्यापासून विजापूर सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर, आणि वाटेत भीमेचे पात्र. दहा हत्ती, चारशे बैल व शेकडो माणसे या कामी लागली असे परंपरेने सांगितले जाते.

चारशे बैल ही संख्या ऐकून आपण थक्क होतो. पण संख्येहून थोर आहे ती त्यामागील एकवाक्यता. दोन बैल एका तालात चालविणे हे कोणत्याही शेतकऱ्यास साधते. चारशे बैल एकाच क्षणी मान टाकून ओढू लागणे ही गोष्ट वेगळी आहे. त्यांतील पन्नास जरी मागे राहिले तरी ओझे जागचे हलत नाही. उलट पुढच्यांचे बळ वाया जाते. चढावर दोर ताणलेला ठेवावयाचा, थांबल्यास चाकामागे दगड द्यावयाचा, उतारावर हाच भार बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागून दोर धरावयाचा, हे सर्व अनेक मुखांनी पण एका बोलाने व्हावे लागते.

याच मुरार जगदेवाविषयी दुसरीही एक कथा पुण्याजवळच्या तुळापूर येथे प्रसिद्ध आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर १६३३ च्या सुमारास त्याने हत्तीच्या भारंभार दान करण्याचे योजिले. पण हत्ती तोलण्याजोगा तराजू कोठून आणावा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचविली असे म्हणतात. हत्ती नावेत चढवावा, नाव पाण्यात जेथवर बुडेल तेथे खूण करावी, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरावेत आणि मग ते दगड तोलावेत. नित्याच्या नावेने असा अशक्य भार केवळ वाहिलाच नव्हे, तर मोजलाही. मोठे ओझे लहान भागांत विभागले की ते साध्या साधनाच्या आवाक्यात येते, हेच या कथेचे मर्म होय.

पुढे वाफेचे युग आले, तरी बैलांची चाकरी संपली नाही. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६२ साली डभोई ते मियागाम असा सुमारे ३२ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग सुरू केला. त्याचे रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांस पेलेना. म्हणून आगगाडीचे डबे बैलांनी ओढले! मार्ग नव्याने मजबूत केल्यावर १८७३ पासून तेथे इंजिने नियमित धावू लागली. तोवरची सुमारे दहा वर्षे बैलांनी ते उणे भरून काढले. आमच्या भागात पूर्णा-हिंगोली लोहमार्ग १९१२ साली झाला. त्यानंतर दूरचा माल रेल्वेने जाऊ लागला, पण स्थानकापर्यंत तो पोहोचविण्याचे काम गाडीकडेच राहिले.

दादासाहेब फाळके यांची हकीकत तर मनोरंजक आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निर्माण करणारा हा त्र्यंबकेश्वरचा सुपुत्र आपला प्रक्षेपक, पडदा व चित्रफिती बैलगाडीत घालून गावोगावी खेळ दाखवीत असे. जेथे नाटकगृह नव्हते तेथे गाडीतून चित्रपटगृहच उतरे. परतीच्या वाटेवर प्रेक्षकांनी दिलेल्या नाण्यांचे ओझे मोठे होई. १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटाची मिळकतही बैलगाड्यांतून न्यावी लागली, असे सांगतात.

सर्वांत विलक्षण प्रसंग अगदी अलीकडचा आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतभूमीवरील पहिले अग्निबाण-उड्डाण झाले. तेथे अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यानंतर 'ॲपल' हा सुमारे ६७० किलो वजनाचा दळणवळण-उपग्रह तयार झाला. त्याच्या आकाशकाची परीक्षा करावयाची होती. मोटारीचे धातूचे अंग रेडिओ-लहरी परावर्तित करते व परीक्षेत दोष उत्पन्न होतो. शास्त्रज्ञांस धातूविरहित वाहन हवे होते. ते लाकडी बैलगाडीच्या रूपाने सापडले. बंगळूर येथे उपग्रह गाडीवर चढला, परीक्षा झाली, आणि १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान अग्निबाणाने दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून तो अवकाशात गेला. पुष्कळांनी हे छायाचित्र देशाच्या दारिद्र्याची खूण म्हणून पाहिले. वस्तुतः ती योग्य कामास योग्य वाहन निवडण्याच्या विवेकाची खूण होती.

येथवर गौरव झाला. पण इतिहास लिहिणाऱ्याने ओझ्याची दुसरी बाजू झाकू नये. ही सर्व ओझी स्वखुशीने उचलली गेली नाहीत. निजामी राजवटीत वेठबिगारीची प्रथा होती. अधिकाऱ्याचा दौरा निघाला की पेरणी असो वा सुगी, गाडी-बैल व माणूस विनामूल्य हजर करावा लागे. आणि माणसाहून मुके ते बैल. आमच्या प्रदेशातील लाल कंधारी व देवणी बैल कष्टाळू म्हणून नावाजले गेले. पण कष्टाळू म्हटले की त्यांवर अधिक लादावे, हा माणसाचा जुना न्याय. १९६० च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. जनावराचा आकार व चाकाचा प्रकार पाहून भाराची मर्यादा ठरली. दिवसात नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि उष्णता ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन या वेळी जुंपू नये, असे बंधन आले. तथापि उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर चढाला गुडघे टेकणारी जोडी ज्याने पाहिली आहे, त्यास नियम व आचरण यांतील अंतर सांगण्याची आवश्यकता नाही.

आता जवळा बाजारच्या रस्त्यावर ट्रॅक्टर व टेम्पो धावतात. कडब्याचा डोंगर आता ट्रॉलीवर चढतो. ओझ्याखालून बैलांची मान मोकळी झाली, याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. दुःख आहे ते निराळ्या गोष्टीचे. मलिक-ए-मैदानवर ती ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, आणि १६८६ साली विजापूर जिंकणाऱ्या औरंगजेबाचाही लेख आहे. तोफ नेणाऱ्या मुरारपंताचे नाव इतिहासात आहे. परंतु त्या चारशे बैलांपुढे चालणाऱ्या गाडीवानांपैकी एकाचेही नाव तीवर नाही. 'ॲपल' उपग्रहाचे नाव शाळेतील मुलांस सांगता येते; ज्याच्या हाती त्या गाडीचा कासरा होता, त्याचे नाव कितीजणांस सांगता येईल?

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांच्या अंगणात एके काळी गाडी उभी असे. कोणी ती घडविली, कोणी हाकली, कोणी तीत माल भरून पेठ गाठली. त्या पिढीतील वृद्ध मंडळी अद्याप काही घरी आहेत. धाव किती तापवावी, तोल कसा पाहावा, नदीच्या उतारास गाडी कशी घालावी, हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने या वर्षी एवढेच करावे : वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांनी वाहिलेल्या सर्वांत अवघड ओझ्याची हकीकत विचारावी, आणि तारखेसह, गावासह व त्यांच्या नावासह ती वहीत उतरवून ठेवावी. पुढील अंकास ती मिळाली तर उत्तमच. न मिळाली तरी घरात राहील.

म्हणीप्रमाणे गाड्यावर नाव अनेकदा चढली. गाडीवानाचे नाव मात्र चढावयाचे राहिले आहे. ते चढविणे आता आपल्या हाती आहे.