हिरवी वही, लाल वही

जहाजांना दर्जा देण्याची प्रथा विमेकऱ्यांच्या धास्तीतून जन्मली. लंडनला लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या या मंडळींनी १७६० मध्ये संस्था काढली. १७६४ च्या त्यांच्या नोंदवहीत सांगाड्याची अवस्था ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांनी आणि दोर-नांगरादी साहित्य जी, एम, बी म्हणजे चांगलं, मध्यम, वाईट असं नोंदलेलं दिसतं. पुढे १७९७ च्या सुमारास जहाज कुठे बांधलं आणि किती जुनं, यावरच दर्जा ठरू लागला. थेम्सकाठच्या जहाजांना झुकतं माप मिळालं. नीट राखलेलं जुनं जहाजही खालीच! चिडलेल्या मालकांनी १७९९ मध्ये आपली लाल वही काढली, विमेकऱ्यांची हिरवी होतीच. दोन्ही तोट्यात गेल्या.

१८३४ मध्ये व्यापारी, मालक आणि विमेकरी एका समितीत आले, तेव्हा कुठे दर्जाच्या दाखल्याला वजन आलं. तपासणीचं शुल्क मालकच भरतो, मग तपासनीस निःपक्ष कसा, हा आक्षेप रास्त आहे. पण वही केवळ विमेकऱ्यांच्या हाती होती, तेव्हाही ती निःपक्ष नव्हतीच. हितसंबंध परस्परविरोधी असलेल्यांनी एकमेकांवर नजर ठेवली, म्हणूनच विश्वास बसला.