अवघड तेच निवडणारा राजा

औंध म्हटलं की कुणाला यमाईचा डोंगर आठवतो, कुणाला संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं. मला आठवतात ते तिथले राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान म्हणजे अवघी ७२ गावं, तीही एकसलग नाहीत. औंध साताऱ्याकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ तर पार विजापुराकडे! असल्या ठिगळांच्या राज्यात चित्रं काढत, कीर्तनं करत सुखानं आयुष्य काढता आलं असतं की. (सूर्यनमस्काराचं त्यांचं वेड हा एक स्वतंत्र विषय आहे. असो.)

१९०९ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी संस्थानात बोलावलं. लक्ष्मणरावांवर बेळगावची जागा सोडायची वेळ आली होती. लोखंडी नांगरानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत, त्यामुळे नांगर खपता खपत नव्हता. अशा माणसाला बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. माळ कसला, निवडुंग आणि साप! तीच आजची किर्लोस्करवाडी. लोक याला राजाचं औदार्य म्हणतात. मला ते धाडस वाटतं. एवढ्याशा संस्थानाला ती रक्कम काही किरकोळ नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वयाच्या सत्तरीत, १९३८ साली, या गृहस्थांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. म्हणजे ज्या वयात आपण औषधांच्या वेळा सांभाळतो, त्या वयात! सल्ला गांधीजींचा, धडपड मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची आणि राजपुत्र आप्पासाहेबांची. जानेवारी १९३९ मध्ये नवी घटना लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका आणि तालुक्यांतून विधिमंडळ.

लहान संस्थान, त्यांना काय अवघड होतं, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. लहान जागी प्रत्येक माणूस तुम्हाला तोंडानिशी ओळखतो. काल जो मुजरा करत होता, तो आज समोर बसून हिशेब विचारणार. ते ऐकून घ्यायला मन केवढं तयार करावं लागलं असेल! ऑक्सफर्डहून बॅरिस्टर होऊन आलेल्या आप्पासाहेबांनाही खेड्यापाड्यांत हिंडून हे काम नव्यानंच शिकावं लागलं. पुढे १९४८ मध्ये ते स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त झाले.

याच काळात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसलं. भिंती नसलेला तुरुंग. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी तिथे शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. पळून गेला एखादा तर जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला असणारच. तरी वसाहत चालली. आटपाडीकडच्याच ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला.

मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५१ साली बाळासाहेब गेले. स्वतंत्रपूर मात्र त्यांच्यामागेही सरकारनं चालू ठेवलं.