पुण्याहून उरुळीकडे : गांधीजींच्या निसर्गोपचारातील आहारविचार

गांधीजींच्या निसर्गोपचाराचा विचार बहुधा माती, पाणी आणि रामनाम यांच्या अनुषंगाने केला जातो. परंतु १९४५ व १९४६ या दोन वर्षांतील घटनांचा क्रम लक्षात घेतला, तर त्या उपक्रमाचे मर्म उपचारपद्धतीपेक्षा आहाराच्या अर्थकारणात अधिक आहे, असे दिसून येते. प्रस्तुत टिपणाचा हाच विषय आहे.

या विचाराची बीजे जुनी आहेत. दक्षिण आफ्रिकेत असतानाच गांधीजींनी लुई कुने व अडोल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांचे ग्रंथ वाचले आणि १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून आरोग्यविषयक लेखमाला लिहिली. तथापि त्यांची निष्ठा आंधळी नव्हती. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारावासात असताना पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, व ती त्यांनी स्वीकारली. दुधासंबंधीचा त्यांचा अनुभव तर अधिकच बोधप्रद आहे. दूध वर्ज्य करण्याचे व्रत त्यांनी १९१२ मध्ये घेतले होते. पुढे भारतात आल्यावर कठीण आजारातून उठताना त्यांना शेळीच्या दुधाचा आश्रय करावा लागला. आगाखान पॅलेसमध्ये १९४२ साली लिहिलेल्या 'आरोग्यनी चावी' या पुस्तकात, दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ आपणांस सापडला नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे.

मधल्या काळात हा विचार व्यक्तीच्या पथ्यापुरता राहिला नव्हता. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. तांदूळ गिरणीत पांढराशुभ्र होताना त्याच्या कोंड्याबरोबर 'ब१' जीवनसत्त्वही निघून जाते. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेले संशोधन याच प्रश्नाशी निगडित होते. प्रयोगशाळा आणि आश्रम यांचे मार्ग भिन्न होते. परंतु गरिबाच्या ताटात काय उरते, हा प्रश्न दोघांनाही भेडसावत होता.

१८ नोव्हेंबर १९४५ रोजी डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातील निसर्गोपचारालयाच्या निमित्ताने एक न्यास स्थापन झाला व गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. हे उपचार गरिबांस लाभावेत, हा हेतू होता. मात्र काही महिन्यांतच त्यांना उमगले की, शहरातील संस्थेत खेड्यातील गरीब येऊ शकत नाही. ही आपली चूक त्यांनी 'हरिजन'मधून उघडपणे मान्य केली. आणि मार्च १९४६ मध्ये ते पुण्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवरील उरुळी कांचन येथे राहावयास गेले. रोग्यांना त्यांनी सूर्यस्नान, कटिस्नान, मातीच्या पट्ट्या आणि साधा आहार सांगितला. खेड्यास जे साधन परवडत नाही ते खेड्याचा उपचार होऊ शकत नाही, ही त्यामागील कसोटी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस राजकीय वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीस जावे लागले. आश्रमाचे कार्य मणिभाई देसाई यांनी पुढे चालविले. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे हेही तेथे राहिले.

येथे एक पेच उद्भवतो. माती, पाणी आणि ऊन खेड्यात फुकट मिळते. पण दूध व फळे मिळत नाहीत. ज्या घरी दुभते जनावर नाही, त्या घरच्या रोग्यास दूध सांगणे म्हणजे परवडणाऱ्या उपचारात न परवडणारे औषध घालण्यासारखेच होय. मणिभाईंच्या पुढील कार्यात याचे उत्तर शोधता येते. आश्रमात त्यांनी गीर गाईंचे संवर्धन केले, शेतीकडे लक्ष वळविले, आणि १९६७ मध्ये उरुळी येथेच भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापिली. संकरित गोपैदाशीचे आधुनिक शास्त्र या संस्थेने शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. या कार्यासाठी १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गोठविलेल्या रेताचे तंत्र हे निसर्गोपचारापासून झालेले स्खलन आहे, असा आक्षेप घेता येईल. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. निसर्गोपचाराने सर्व रोग बरे होतात, हा दावा टिकणारा नाही. ससूनमधील शस्त्रक्रियेने तो गांधीजींपुरताही निकालात निघाला होता. टिकून राहते ती उरुळीची कसोटी : पथ्य सांगणाऱ्याने ते पथ्य रोग्याच्या घरी कोठून येणार, हेही पाहिले पाहिजे. आहारशास्त्राच्या इतिहासात उरुळीचे स्थान ठरवावयाचे, तर ते या प्रश्नावरूनच ठरवावे लागेल.