मागच्या तीन आठवड्यांत काय झालं होतं?

चऱ्होली बुद्रुक १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. इंद्रायणीपलीकडची चऱ्होली खुर्द मात्र खेड तालुक्यात. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आरोग्य विभाग जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बारे सिंड्रोमच्या रुग्णांचे तक्ते रोज प्रसिद्ध करत होता. पुणे महापालिका, तिच्यात नव्याने आलेली गावे, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे, असे त्यांचे रकाने होते. म्हणजे नदीच्या अलीकडच्या चऱ्होलीत कोणी आजारी पडला तर तो एका रकान्यात, पलीकडच्या चऱ्होलीतला दुसऱ्या. आजाराला हद्द कळत नाही. कागदाला फक्त हद्दच कळते. या साथीचा इतिहास लिहायचा तर हे आधी लक्षात ठेवायला हवे.

तरीही त्या तक्त्यांतून बरेच निघते. २१ जानेवारीला राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले तेव्हा संशयित रुग्ण होते २४. हा आकडा दिसायला किरकोळ. पण जगभरच्या नोंदी सांगतात की हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. या हिशेबाने अख्ख्या जिल्ह्यात महिन्याला आठ ते सोळा रुग्ण निघावेत, आणि तेही इकडे-तिकडे विखुरलेले. इथे चोवीस जण निघाले, त्यातले बहुतेक सिंहगड रस्त्याच्या एकाच पट्ट्यातले. त्यामुळे ‘योगायोग’ हे उत्तर बाद झाले. पुढे केंद्राचे सात जणांचे पथक आले. रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि त्याच पट्ट्यातल्या नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या पाण्याकडे बोट गेले.

पिंपरी-चिंचवडच्या रकान्याचे काय? तिथे दोनेक महिन्यांत तिशीच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यासाठी महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात मोफत उपचारांची सोय होती. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही वर्षाला १७ ते ३५ रुग्ण अपेक्षित. वर्षभराचे रुग्ण दोन महिन्यांत आले हे खरे. पण शहर तेव्हापासून खूप वाढले आहे, आणि एरवी ‘अशक्तपणा’ म्हणून घरी पाठवला गेला असता असा माणूसही त्या दिवसांत तपासला जात होता. म्हणून सिंहगड रस्त्याचे अनुमान जसेच्या तसे चऱ्होलीला लावणे मला घाईचे वाटते.

तक्त्यात ‘जीबीएस’ एवढेच छापले जाते. त्या तीन अक्षरांपर्यंत पोहोचताना डॉक्टरला बऱ्याच शक्यता बाजूला साराव्या लागतात. दोन दिवसांपूर्वी पायांना मुंग्या आलेला माणूस आज जिना चढू शकत नाही, उद्या खुर्चीतून उठू शकत नाही. रक्तातले पोटॅशियम उतरले तरी असे होते. मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला तरी पाय जातात. पण तेव्हा छाती-पोटावर एका रेषेखाली संवेदना बधिर होते आणि लघवी अडते. खेड-मावळच्या बाजूला रात्री जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार चावलेली असू शकते. दंश दिसतही नाही. मात्र तिथे आधी पापण्या मिटू लागतात आणि लुळेपणा वरून खाली उतरतो. जीबीएसमध्ये तो बहुधा पायांकडून वर चढतो, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो, आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही.

याचा मूळ कागद १९१६ चा आहे. पहिल्या महायुद्धात गुलेन, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांची हकीगत छापली. पाठीतले पाणी काढून पाहिले तर त्यात प्रथिने वाढलेली, पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. जंतूने मज्जासंस्थेत थेट घर केले असते तर पेशी वाढल्या असत्या. ही विसंगती आजही निदानाचा एक खांब आहे. तिचे कारण पुढे उमगले: कॅम्पिलोबॅक्टरच्या वेष्टनातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात. पोट बिघडते, बरे होते. आणि जंतूशी लढायला तयार झालेले प्रतिपिंड आठवडा-दोन आठवड्यांनी आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. म्हणून पाय लुळे पडलेल्या माणसाला पोटाविषयी विचारावे लागते. तो आपणहून सांगत नाही. त्याच्या लेखी जुलाब केव्हाच संपलेले असतात.

हाच प्रश्न मुंबईच्या डॉक्टरांनी पन्नास वर्षांपूर्वी विचारला होता. फरक इतकाच की तो डोळ्यांविषयी होता. त्याचे कागद जास्त चांगले उरले आहेत.

१९६९ च्या जूनमध्ये घानात डोळे येण्याची एक अनोळखी साथ सुरू झाली. डोळे लालभडक होत आणि बुबुळाभोवती रक्त साकळे. चांद्रमोहिमेचे दिवस होते, म्हणून लोक तिला अपोलो म्हणू लागले. १९७१ मध्ये ती मुंबईत आली. त्याच वर्षी बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणत. आठवड्याभरात डोळे बरे होत, आणि माणूस ते विसरून जाई.

मग मज्जाविकारांच्या विभागांत वेगळेच रुग्ण दिसू लागले. त्यांत प्रौढ माणसे होती, पुरुष अधिक. आधी कंबरेतून पायात जाणारी जीवघेणी कळ, मग पाय लुळा. एक पाय जास्त, दुसरा कमी. मांडीचे स्नायू आधी जात आणि नंतर वाळत. हे जीबीएस म्हणावे तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि पाठीतल्या पाण्यात प्रथिनांबरोबर पेशीही वाढलेल्या. पोलिओ म्हणावा तर चित्र हुबेहूब जुळते, पण आपल्याकडे पोलिओ हा लहान मुलांचा आजार. मोठी माणसे बालपणीच त्याला तोंड देऊन बसलेली असत. दोन्ही तयार नावे हाताशी होती आणि दोन्हींत एकेक खोट होती. ती खोट दुर्लक्षून रुग्णाला जवळच्या नावाखाली ढकलले नाही, हे या डॉक्टरांचे मोठे काम मी मानतो.

१९७२ मध्ये ई. पी. भरुचा आणि व्ही. पी. मोंडकर यांचे पत्र ‘लॅन्सेट’मध्ये आले. १९७३ मध्ये त्याच नियतकालिकात जे. जे. रुग्णालयाचे नोशीर वाडिया, पी. एफ. इराणी आणि एस. एम. कतरक यांचा सविस्तर लेख आला. कंबरेखालच्या मज्जातंतूंची मुळे आणि मज्जारज्जू यांचा हा विकार डोळ्यांच्या साथीसोबत आढळतो, एवढाच दावा त्यांनी शीर्षकात केला. साथीमुळेच होतो असे म्हटले नाही, आणि ते बरोबरच होते. ज्या शहरात गल्लोगल्ली डोळे आलेले, तिथे पाय मोडून आलेल्या माणसालाही महिन्यापूर्वी डोळे आले असतील, तर त्यातून सिद्ध काय होते? त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक, सगळ्यांचा लुळेपणा एकाच दुर्मीळ घडणीचा. दुसरी, डोळे आणि पाय यांच्यातले अंतर बहुधा दोन-तीन आठवड्यांचे. निव्वळ योगायोग असता तर हे अंतर कसेही पसरले असते.

१९७४ चा कागद टोकियोतून आला. रेइसाकू कोनो यांच्या गटाने या साथीचा विषाणू वेगळा केला होता. पुढे त्याला एंटेरोव्हायरस ७० हे नाव मिळाले. तो पोलिओच्याच कुळातला निघाला. मुंबईच्या रुग्णांच्या रक्ततपासणीने संबंधाला दुजोरा दिल्याचा लेख कोनो गटाने वाडिया, इराणी आणि कतरक यांच्याबरोबर लिहिला. तरी एक शंका घेता येते: साथीनंतर निरोगी मुंबईकरांच्या रक्तातही ते प्रतिपिंड सापडणारच. म्हणून अशा प्रकरणात पाठीतल्या पाण्यातले प्रतिपिंड रक्तातल्यांपेक्षा अधिक वजनदार साक्षीदार ठरतात.

माझ्या मते खरी कसोटी १९८१ ला लागली. डोळ्यांची तीच साथ मुंबईत परतली आणि तिच्यामागोमाग तसाच लुळेपणाही आला. एकदा जुळलेल्या गोष्टीला योगायोग म्हणता येते. दहा वर्षांनी त्याच क्रमाने पुन्हा जुळल्यावर नाही. १९८३ च्या लेखात वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुसरी साथ लक्षणे आणि रक्ततपासणी अशा दोन्ही अंगांनी मांडली.

पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत आपल्याकडे एक चांगली व्यवस्था उभी राहिली. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद होते आणि शौचाचा नमुना तपासणीला जातो, मग तो जीबीएस का असेना. पण १९७१ चे मुंबईचे रुग्ण प्रौढ होते. तसा माणूस आज चऱ्होलीतून आला तर, पोलिओचाच संशय आल्याशिवाय, या जाळ्यात सापडणार नाही. तो सापडेल समोरच्या डॉक्टरने मागचे तीन आठवडे विचारले तरच. आणि ते उत्तर केसपेपरवर लिहिले गेले तरच ते पुढच्या अभ्यासकाला मिळेल, कारण प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत त्याला रकाना नाही. म्हणून २०२५ च्या जीबीएसचे केसपेपर, पाठीतल्या पाण्याचे आणि मज्जातंतूंच्या तपासणीचे (नर्व्ह कंडक्शनचे) अहवाल ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. आपल्या तेव्हाच्या पोटाच्या तक्रारीची तारीख आठवत असेल तर ती त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावी.