गिरणगावचा रविवार : मुंबईच्या फुरसतीचा इतिहास

१/
जुन्या मुंबईचा विषय निघाला की इराण्याचा चहा, चौपाटीची हवा, ट्रामची सफर आणि चार आण्यांचा खेळ यांची आठवण हटकून काढली जाते. या सुखांना पैसे थोडे लागत. वेळ मात्र लागेच. ज्या हातांच्या श्रमावर हे शहर मोठे झाले, त्यांच्यापाशी नेमका वेळच नव्हता. तो त्यांनी कसा मिळवला आणि मिळाल्यावर त्याचे काय केले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. १८५६ मध्ये ताडदेवची ही गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या भागांत धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरीपासून साताऱ्यापर्यंतची माणसे कामासाठी येथे आली. गावाकडे कष्ट कमी नव्हते. परंतु त्या कष्टांना हंगाम होता, बाजाराचा वार होता, जत्रा होती. गिरणीत होता तो केवळ भोंगा.

३/
आरंभीच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे दिवस उजाडला की यंत्रे सुरू होत आणि अंधारले की थांबत. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी. उन्हाळ्यात तेच १३-१४ तासांवर जाई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या मिळत. परंतु सुट्टीच्या दिवशीही यंत्रे पुसून स्वच्छ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. अर्धा दिवस त्यातच सरे.

४/
१८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा झाला. त्याने ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचे काम दिवसाला ९ तासांवर आणले आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. सात वर्षांचे मूल गिरणीत काम करते, यात कायद्याला वावगे वाटले नाही. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी आणि सुट्टीविषयी तर त्यात अवाक्षर नव्हते.

५/
येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्रवेश होतो. १८४८ मध्ये जन्मलेले लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मांडवी भागातील एका कापड गिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून काम केले होते. गिरणीचे जग त्यांनी आतून पाहिले होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालवले. कामगारांची गाऱ्हाणी त्यातून छापली जाऊ लागली.

६/
सरकारने नेमलेल्या कारखाने आयोगापुढे आपले म्हणणे मांडण्यासाठी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या. त्यांतून तयार झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा : दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन.

७/
या यादीत पगारवाढ नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. सुट्टीसाठी रविवारच का? सरकारी कचेऱ्या त्याच दिवशी बंद असत, त्यामुळे मागणी राज्यकर्त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय घाटावरच्या आणि कोकणातल्या असंख्य घरांत रविवार हा खंडोबाचा वार. साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस आणि बहुजनांच्या कुलदैवताचा दिवस एकच निघाला.

८/
अर्ज झाला म्हणून सुट्टी मिळाली नाही. मध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ कामगारांची विराट सभा भरली. सुमारे १० हजार लोक जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

९/
१८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली. स्त्रियांचे काम ११ तासांवर, तर ९ ते १४ वर्षांच्या मुलांचे ७ तासांवर आले. लोखंडे मात्र ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत निवर्तले. मालकांनी सुट्टी मान्य केल्यापासून त्यांच्या मृत्यूपर्यंत अवघे ३४८ रविवार आले.

१०/
मिळवलेला वेळ पुन्हा हिरावला जाण्याचे प्रसंगही आले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला म्हणून काम थांबण्याचे कारण उरले नाही. दिवसाचे काम १५ तासांपर्यंत ताणले गेले. कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती ११ तासांवर, १९३४ मध्ये १० वर आणि १९४८ मध्ये ९ तासांवर आली. मुंबईकराची ‘संध्याकाळ’ अशी तासातासाने घडत गेली.

११/
आता वेळ मिळाला. तो घालवायचा कोठे? चाळीतल्या एका खोलीत अनेकदा एकाहून अधिक कुटुंबे राहत. एकट्या पुरुषांच्या खोल्यांत तर पाळीपाळीने झोपावे लागे. अशा घरात निवांत बसणे शक्यच नव्हते. म्हणून गिरणगावची फुरसत घराबाहेर वाढली : चाळीच्या सज्जात, ओट्यावर, पानाच्या गादीपाशी, नाक्यावर. नाका हा कामगाराचा दिवाणखाना होता. नोकरीची खबर, गावाकडचे पत्र आणि संपाची वार्ता तेथेच कळे.

१२/
गिरण्यांच्या अगदी शेजारी एक मोठी हिरवी जागा होती : भायखळ्याची राणीची बाग. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिच्या आवारातले व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये खुले झाले. राज्यकर्त्यांनी ही बाग आपल्या अभिरुचीनुसार उभारली; रविवारी तिच्यात शिदोरी सोडून बसणारी गर्दी मात्र तिला लोकांची बाग करून गेली.

१३/
दूर जाण्यासाठी ट्राम होती. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी प्रवासाचे भाडे आरंभी तीन आणे होते. पुढे ते दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. ‘दादर टीटी’ या नावातला ‘टी’ मात्र ट्रामची आठवण अजून राखून आहे. पैसे नसतील तर चालत चौपाटी गाठता येई. समुद्राच्या वाऱ्याला तिकीट नव्हते.

१४/
गिरणगावने आपली करमणूक गावाहून सोबत आणली होती. कोकणातल्या मंडळींची भजने, डबलबारीचे सामने, नमन आणि जाखडी. घाटावरच्या मंडळींची कुस्ती, लेझीम आणि तमाशा. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात बोलणेही ऐकू येत नसे. तेथून आलेली माणसे रात्री मृदंगाच्या तालावर गळा मोकळा करीत. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १९२० चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा. हे उत्सव वस्तीच्या वर्गणीवर आणि कामाच्या पाळीनंतरच्या जागरणांवर उभे राहिले.

१५/
ग्रँट रोडवरचे नाट्यगृह १८४६ मध्ये सुरू झाले. विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी १८५३ मध्ये तेथे खेळ केले. पुढे या परिसरात इतकी नाट्यगृहे झाली की ‘प्ले हाउस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाउस’ झाले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली, तेव्हा प्रवेशाला एक रुपया पडे. महिना वीस रुपयांच्या आत पगार असणाऱ्याला हे कोठले परवडणार? थोड्याच दिवसांत नॉव्हेल्टी थिएटरमध्ये चार आण्यांचे तिकीट निघाले. पडद्याचा खेळ लोकांचा होण्याची ती सुरुवात होती. पुढे लालबागला इंडिया युनायटेड मिलच्या जमिनीवरचे भारतमाता चित्रपटगृह मराठी चित्रपटांचे घर बनले.

१६/
इराण्याची हॉटेले विसाव्या शतकाच्या आरंभी शहरभर पसरली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का आणि एका चहावर मिळणारी बैठक. खानावळी बहुधा जातीच्या आणि गावच्या नात्याने चालत. इराण्याच्या टेबलावर अनोळखी माणूस शेजारी बसे. याच शहरातील गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे, हे आठवले म्हणजे शेजारी बसून चहा पिण्याचा अर्थ उमगतो.

१७/
कामगाराच्या मोकळ्या वेळाची चिंता सुधारकांनीही वाहिली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. लीगच्या परळच्या दामोदर नाट्यगृहाने गिरणी कामगारांना हक्काचा रंगमंच दिला. दिवसा मागावर उभा असणारा माणूस रात्री तेथे राजा होई, खलनायक होई. कामगार रंगभूमी अशीच रुजली. पुढे १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने वस्त्यांतील कल्याण केंद्रांना आधार दिला.

१८/
या इतिहासाला एक मोठा अपवाद आहे. गिरण्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. भोंगा वाजल्यावर पुरुष नाक्यावर जाई, स्त्री चुलीपाशी. रविवार म्हणजे तिच्यासाठी साठलेले धुणे आणि दळण. खानावळ चालवणाऱ्या बायकांना तर सुट्टीच्या दिवशीही डबे चुकत नसत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या खानावळवाल्यांना संघटित केले. महालक्ष्मीच्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या, त्याला तेव्हा ८५ वर्षे झाली होती.

१९/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. कमला मिलच्या आवारात हॉटेले आणि पब आले. जेथे कामगार फुरसतीसाठी झगडला, तेथे आता फुरसत विकत मिळते.

२०/
२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्याच शनिवारी-रविवारी मॉलच्या दारावरचा पहारेकरी, स्वयंपाकघरातला आचारी आणि दुचाकीवरून जेवण पोहोचवणारा तरुण कामावर असतो. शहराची सुट्टी हीच त्याच्या कामाची घाई. दुपारी अर्धा तास, आठवड्यातून एक दिवस, वेळेवर पगार आणि दुखापतीची भरपाई : १८८४ च्या त्या अर्जातली एकेक ओळ त्याच्यापुढे धरून पाहिली, तर लोखंड्यांचे काम कोठवर आले आहे ते कळते.