मूठभर चिखल आणि वरचा उजेड

मत्स्यालयाचा इतिहास सांगताना फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. माझ्या मते तो इतिहास पाच वर्षं आधी, मूठभर चिखलापासून सुरू होतो.

लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली सुमारे १२ गॅलनच्या काचपात्रात वाळू आणि चिखल पसरला. फितीसारख्या पानांच्या वॅलिस्नेरियाची मुळं त्यात रोवली, ती सुटू नयेत म्हणून वर दगड ठेवला आणि दोन सोनमासे सोडले. प्रश्न शोभेचा नव्हता, जमाखर्चाचा होता. माशांनी खर्चलेला प्राणवायू वनस्पती उजेडात भरून काढील का? काही काळ हिशेब जुळला. मग जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टन यांनी पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. मार्च १८५० मध्ये हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला.

उजेडाचा धडा पुढे मिळाला. बाजूने येणाऱ्या उजेडाने काचेवर शेवाळ माजे. तळ्यात उजेड वरून उतरतो, हे ओळखून वॉरिंग्टन यांनी मागची बाजू तिरपी असलेली टाकी योजली.

गॉस यांच्या ग्रंथाने मत्स्यालय दिवाणखान्यात नेलं, हे खरंच. पण ते तिथे जगतं कसं, याचं उत्तर त्या चिखलात आधीच रुजलं होतं. आजही टाकी हिरवी पडली की आपण पाणी बदलतो. तळ आणि उजेड मात्र तसेच राहतात.